चाचे म्हणे आम्ही

माझ्या मोठ्या भावाच्या डोळ्यावर काळी पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, त्याच्या डोळ्याला काहीतरी लागलं. आदल्याच आठवड्यात घरात मोतीबिंदूची गोष्ट निघाली होती. मी चपला हातात घेऊन वाळूतून धावत सुटले. जवळ गेल्यावर दिसलं की पट्टीवर पांढरी कवटी छापलेली आहे. डोक्याला लाल फडकं, कमरेला प्लॅस्टिकची तलवार, अंगात फाटकी बंडी. तीही झिजून फाटलेली नव्हती, मुद्दाम कात्रीनं फाडलेली होती. साठी ओलांडलेला, उमेदीची सगळी वर्षं नौदलात घालवून आलेला माझा दादा. मला बघून तो ओशाळला नाही. उलट हसून म्हणाला, "कशी दिसता गो बाय, पट्टी?"

हे तो मला विचारत होता! कसालजवळच्या हायस्कुलात मी जन्मभर इतिहास शिकवला आहे.

आम्ही मालवणच्या किनाऱ्यावरची माणसं. वडील तांडेल होते, म्हणजे होडी आणि होडीवरची माणसं त्यांच्या शब्दावर चालायची. आजोबाही तेच. दादा नौदलात गेला, बोटींच्या पोटात, इंजिनाच्या धगीत राहिला, आणि सुटून आल्यावर पुन्हा वडिलांच्या होडीवर उभा राहिला. मी लग्न होऊन वर घाटाच्या बाजूला गेले. यजमान गेले, नोकरी संपली, मुलगी तिच्या घरी सुखात, म्हणून मी परत माहेरी आले. दादा आणि वहिनीनं पडवीकडची खोली मला दिली. सकाळी वहिनी मासळी घेऊन बाजारात जायची, दादा समुद्रावर, आणि मी कोणी ऐकायला असेल त्याला जुन्या गोष्टी सांगत बसायची.

पण मासा किनाऱ्याकडे येईनासा झाला होता. मोठ्या जाळ्यांच्या बोटी बाहेरच्या बाहेर सगळं उपसून नेतात. दादाची होडी दिवसच्या दिवस माडाखाली उपडी पडून असायची. पेन्शन होती, पोटाचा प्रश्न नव्हता. पण समुद्रावर वाढलेला माणूस घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसला की त्याचं काय होतं ते मी बघत होते. तेवढ्यात आमच्या शेजारच्या माडांच्या बागेत रिसॉर्ट आलं. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? त्यांना पाण्याची जाण असलेला माणूस बोटीवर हवा होता. दादा खुशीत गेला. आम्हालाही बरं वाटलं.

त्याला तिथं चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, व्हायचं आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी वाळूत उभी राहून तो सगळा खेळ पाहिला. सूर्य कलला की एक मोठी लाकडी बोट पर्यटकांना घेऊन निघायची. तिला खोटी डोलकाठी, खोटं शीड, आणि दोन्ही अंगांना पीव्हीसीच्या पाइपच्या तोफा. माइकवरचा माणूस हिंदीत सांगायचा की आपण सगळे कंपनी सरकारच्या व्यापारी जहाजावर आहोत, जहाजात सोनं आणि मसाले आहेत, आणि या समुद्रात लुटारू फार. मग खडकांच्या आडून काळं निशाण लावलेली होडी यायची. तीत दादा आणि गावातली चार पोरं, डोळ्यांवर पट्ट्या बांधून आरोळ्या ठोकत. पर्यटक रंगीत पाण्याचे फुगे फेकून मारायचे. माइकवाला ओरडायचा, "चोर! चोर!" त्याच्यामागे अख्खी बोट ओरडायची. मग ठरल्याप्रमाणे दादानं आणि पोरांनी पाण्यात उड्या टाकायच्या, पर्यटकांनी त्यांना ओढून काढायचं, आणि किनाऱ्यावर आणून फोटो.

हे सगळं किल्ल्यासमोर. पाठीमागे पाण्यात सिंधुदुर्गाचा तट स्पष्ट दिसतो आहे, आणि पुढे आमची माणसं चोर म्हणून पाण्यात पडताहेत.

घरी जेवताना मी दादाला धरलं. वहिनी वाढत होती. मी म्हटलं, "दादा, तुका लाज नाय वाटली?"

"कसली लाज?" तो म्हणाला. "सोंग आसा ता. दशावतारात संकासुर होतत, तो काय खरोखरचो राक्षस आसता? रात्री राक्षस, सकाळी शेतात नांगर धरता."

"संकासुर सोंग आसा ह्या बघणाऱ्या सगळ्यांका ठावक आसता," मी म्हटलं. "हय येणाऱ्याक काय ठावक आसा? तो घराक जावन सांगतलो, मालवणात पयलीचे चोर रवत होते, आमी तेंका पकडलव!"

दादा भात कालवत राहिला. "तू शाळा सुटली तरी शिकवचा सोडूक नाय," एवढंच म्हणाला. वहिनीनं मला आणखी एक पळी आमटी वाढली. तिच्या भाषेत त्याचा अर्थ, आता पुरे.

पण पुरे कसं होईल? चाचे हा शब्द कोणी कोणाला लावला, हे जरा बघा तरी. दूर पश्चिमेहून तोफा लादून पोर्तुगीज आले. आल्याबरोबर त्यांनी ठरवलं की या समुद्रात त्यांच्या परवान्याशिवाय कोणी गलबत हाकायचं नाही. इथं पिढ्यान् पिढ्या व्यापार करणाऱ्या माणसांनी, आपल्याच बंदरातून आपल्याच दुसऱ्या बंदरात जायला, परक्याकडून कागद घ्यायचा. कागद नसला की जहाज जप्त, माल जप्त, माणसं कैदेत. याला इतिहासात काय म्हणतात? सागरी सत्ता. भारदस्त शब्द! मग महाराजांनी आरमार उभं केलं, आणि पुढे त्या आरमाराच्या सरदारांनी तोच नियम याच पाण्यात लावला. आमच्या पाण्यातून जाता, तर आमचं दस्तक घ्या. ज्यांनी घेतलं नाही त्यांची जहाजं धरली. त्याला इंग्रजांनी नाव दिलं चाचेगिरी. परवाना तसाच, तोफा तशाच, समुद्र तर आमचाच, आणि चोर आम्ही! आणि हे त्यांनी लिहिलं म्हणून मला तेवढा राग येत नाही. शत्रू बरं कशाला लिहील? राग याचा येतो की एवढी वर्षं लोटल्यावर, त्या किल्ल्याच्या सावलीत, आमच्याच माणसांच्या तोंडून आम्ही तेच वदवून घेतो. आणि वर तिकीट लावतो.

आणि ते लढणारे कोण होते? गाबीत, भंडारी, कोळी, खारवी, दालदी. आमचेच. मोठ्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, तोफा असायच्या, पण वारा पडला की गुराब जागच्या जागी खिळायची. तेव्हा पुढे लहान गलबतं दोर बांधून तिला ओढत न्यायची, नुसत्या वल्ह्यांवर. परक्यांच्या प्रचंड जहाजांच्या दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा, पण मागची बाजू उघडी. आमची गलबतं मागून जाऊन भिडायची. तोफेच्या तोंडासमोर वल्हं मारणाऱ्या त्या माणसांची नावं कुठल्या बखरीत सापडत नाहीत. मी शिकवायचे त्या पाठ्यपुस्तकात तर सगळं आरमार दोन परिच्छेदांत आटपायचं, त्यातला एक किल्ल्यांचा. नावं नाहीत ती नाहीत, निदान शिव्या तरी देऊ नका.

मी रिसॉर्टच्या व्यवस्थापकाकडे गेले. पुण्याकडचा, चांगल्या घरचा, तरुण माणूस. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कोकम सरबत मागवलं. रागावलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास सभ्य माणसाचा होतो.

"मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण हे फक्त एंटरटेनमेंट आहे. आम्ही कोणाचं नाव घेत नाही. जनरल चाचे आहेत ते."

"जनरल चाचे?" मी म्हटलं. "समोर किल्ला दिसतोय. जहाज कंपनी सरकारचं. त्याच्यावर चालून येणारे इथल्या होडीतले. मग ते जनरल कसे हो? ते कोण आहेत?"

त्यानं सरबताचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "तुमच्या बोलण्यात पॉइंट आहे," म्हणाला. "पण पायरेट म्हटलं की माणूस लगेच तिकीट काढतो. गलबत, गुराब म्हटलं तर त्याला कळायचंच नाही."

"मग कळवा की! एवढा माइक आहे तुमच्याकडे."

यावर त्यानं मला फार मान दिल्यासारखं केलं. म्हणाला, "असं करा मॅडम, तुम्हीच खरी माहिती लिहून द्या. आम्ही फ्रेम करून लावतो. गेस्टना आवडेल."

मी भाबडी. घरी येऊन जीव ओतून एक पान लिहिलं. दस्तक काय होतं, चाचे कोणाला म्हटलं आणि का, वल्ही कोणी मारली, सगळं. चार वेळा खाडाखोड केली, शब्द सोपे केले. त्यानं खरंच फ्रेम केली. आणि लावली कुठे, तर समुद्रातून आलेले लोक अंगाची वाळू धुतात त्या उघड्या न्हाणीच्या भिंतीवर. मी बघायला गेले तेव्हा काचेच्या आत पाणी शिरून शाई ओघळली होती. फ्रेमच्या खिळ्याला कोणाची तरी ओली चड्डी वाळत होती. मी ती चड्डी वाळूत फेकून दिली, हे मी लपवत नाही. पुन्हा दिसली तर पुन्हा फेकीन.

मग मी जिल्ह्याचं ठिकाण, ओरोस, गाठलं. एसटीनं कसालपर्यंत, तिथून दुसऱ्या गाडीनं. एका कचेरीत टेबलावरच्या गृहस्थांनी माझा अर्ज वाचला. आपण कचेरीत गेलो की शुद्ध बोलायला लागतो, तशी मीही लागले. म्हटलं, "साहेब, हा इतिहासाचा अपमान आहे."

"बाई, नेमकी तक्रार कशाची आहे?" ते म्हणाले. "अतिक्रमण? आवाज? किनाऱ्यावरचं बांधकाम?"

"अपमान," मी पुन्हा म्हटलं.

"त्याचं टेबल आमच्याकडे नाही," ते म्हणाले. माणूस चेष्टा करत नव्हता. खरोखरच नसणार. मग त्यांनीच मला विचारलं की ते फुगे फेकतात त्याचं रबर समुद्रात जातं का. जातं तर! आमच्या रापणीच्या जाळ्यात मासळीपेक्षा ते तुकडे जास्त यायला लागले होते. "मग ते लिहा," ते म्हणाले, "त्याचं काहीतरी होईल." आणि झालंही. काही दिवसांनी फुगे बंद झाले आणि त्यांच्या जागी स्पंजचे चेंडू आले. म्हणजे माझ्या एवढ्या खटपटीचं फळ काय, तर माझ्या भावाला चोर म्हणून आता पर्यावरणाला धक्का न लावता मारायला लागले.

ग्रामसभेत मी विषय काढला तेव्हा तर ते माझ्यावरच उलटलं. सरपंच बाई समंजस होत्या, त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मी बोलत असताना मागे कुजबूज चालू होती. माझं संपल्यावर दादाबरोबर होडीत असायचा त्यांतला एक तरुण उभा राहिला. लग्न होऊन वर्ष झालेलं, बायको गरोदर. म्हणाला, "बाई, तुमचा बोलणा खरा आसा. पण तुमची पेन्शन चालू आसा. रिसॉर्ट बंद पडला तर आमी खंय जावचा? मुंबैक?"

मी म्हटलं, "बंद करा असं मी म्हटलेलं नाही. खरं दाखवा म्हणते."

"खरा बघूक लोक येतत काय?" तो म्हणाला. सभा हसली. माझ्या बाजूनं कोणी बोललं नाही. दादा सभेला आलाच नव्हता.

त्या पोराचा मला राग आला नाही. त्याचं चुकलं काय? राग आला तो या मांडणीचा, की आमच्या माणसाला पोट आणि अब्रू या दोन्हींतलं एकच मिळेल, दोन्ही मागाल तर दोन्ही जातील. ही मांडणी कोण करतं? समुद्र आमचा, किनारा आमचा, गोष्ट आमची, घाम आमचा. आणि त्यात आम्ही कोण हे ठरवणार दुसराच, माइक हातात घेऊन. घरी येताना मी वाटेत तोंडातल्या तोंडात कोणाकोणाला 'तोंडार शिरा पडो' म्हणून शिव्याशाप दिले ते लिहीत नाही.

पुढचे काही दिवस मी कुठे अर्ज दिला नाही, कोणाला गाठलं नाही. दादाशी कामापुरतं बोलायची. तोही. घरात दोघं अबोल असले की तिसऱ्याला फार आवाज करावा लागतो, तशी वहिनी भांडी जरा जास्तच आपटायची.

मग एके दिवशी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरानं वहिनीकडे सुरमई मागवली. एरवी ते मासळी मालवणच्या बाजारातून न्यायचे. वहिनी कधीच त्या बाजूला गेलेली नव्हती. संध्याकाळची वेळ होती. ती मासळी देऊन मागच्या दारानं निघाली ती नेमकी किनाऱ्यावर आली.

ती घरी आली तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत होते. रिकामी पाटी तिनं नेहमीसारखी धुतली नाही. तशीच खाली ठेवली आणि पायरीवर बसली.

"काय झाला गो?" मी विचारलं.

"काय नाय," म्हणाली. मग पाटीकडे बघत म्हणाली, "तेचे हात बांदलेले."

मला कळेना. "कोणाचे?"

"तुज्या दादाचे. दोरीन बांदलेले. पाठीमागे. अंगातसून पाणी गळता, आणि एक बाई तेच्या खांद्यार हात ठेवन फोटो काढता. आणि तो हसता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "नेवीत होतो तेवा मी तेची वाट बगीत होतय. लढाईची बातमी इली की जेवण जाय नाय. तेव्हा कोणी तेचे हात बांदूक नाय. आणि आता हय, घराच्या दारात?"

मी तिला आजवर एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. माझं सगळं इतिहासाचं पुराण, ते पान, तो अर्ज, ती सभा. त्यातल्या कशात हे नव्हतं. फोटोसाठी हात बांधतात हेही मला माहीत नव्हतं. नवीनच काढलं असणार, मागणी वाढली म्हणून.

दादा आला, पाय धुतले, आत आला. वहिनीनं ताट वाढलं. तो बसला. तिनं त्याचा उजवा हात धरला आणि उलटा करून मनगट दिव्याकडे केलं. काथ्याची दोरी ओली झाली की कातडीला काचते. लालसर वळ होता.

"काय ता?" ती म्हणाली.

"काय नाय गो. सोंग..." तो म्हणायला लागला, आणि थांबला. वहिनी रडत नव्हती. नुसती हात धरून उभी होती. दादानं हात सोडवून घेतला नाही. त्या रात्री आमच्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी निघताना तो मला म्हणाला, "बाय, आज संध्याकाळी जमला तर ये. हिका घेवन ये." मी कारण विचारलं तर पायात चपला सरकवून चालायलाच लागला.

आम्ही दोघी वाळूत माडाच्या ओंडक्यावर बसलो. वहिनी यायला तयारच नव्हती, तिला ओढूनच आणावं लागलं. बोट नेहमीसारखी निघाली, माणसांनी भरलेली. माइकवर तेच सोनं, तेच मसाले. सगळे पर्यटक हातात चेंडू घेऊन खडकांकडे डोळे लावून बसले, कारण माइकवाल्यानं त्यांना तेच सांगितलं होतं की लुटारू तिथून येतील.

होडी तिथून आलीच नाही. दादानं ती लांबून वळसा घालून बोटीच्या मागच्या अंगाला आणली. इंजिन बंद, चौघं पोरं वल्ह्यांवर, चिडीचूप. काळं निशाण उतरवलेलं. कोणाच्या डोळ्यावर पट्टी नव्हती. एक तरुण पोरगा, तोच सभेतला, लोखंडी आकडा टाकून बोटीच्या पाठीला लटकला आणि दोर बांधून मोकळा झाला, तरी पुढच्या लोकांना पत्ता नव्हता. मग दादा मागच्या काठावर चढून उभा राहिला आणि ओरडला. त्याला माइक लागत नाही. इंजिनाच्या खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज तो.

"दस्तक खंय आसा?"

सगळे मागे वळले. एक-दोघांनी चेंडू फेकले. दादानं एक झेलला आणि हातातच धरून ठेवला. मग तो हिंदीत बोलला, नौदलातल्या त्याच्या हिंदीत. हा समुद्र आमचा आहे, या समुद्रातून जायचं तर आमचं दस्तक लागतं, तुमच्या जहाजाकडे ते नाही, म्हणून जहाज धरलं आहे. आम्ही चोर नाही. आम्ही आरमारातले. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही, आम्ही तुम्हाला किनाऱ्याला नेऊन सोडतो.

माइकवाल्यानं सवयीनं "चोर, चोर" सुरू केलं, पण त्याच्यामागे कोणी ओरडलं नाही. दादानं बोटवाल्या पोराला खूण केली, त्यानं इंजिन बंद केलं, आणि आमच्या होडीनं ती एवढी मोठी बोट वल्ह्यांवर ओढत किनाऱ्याला आणली. वेळ लागला. पोरांचे दंड तटतटले होते. मी आयुष्यभर फळ्यावर खडूनं काढत आले ते पाण्यावर चाललं होतं. वहिनी उभी राहिली होती.

पर्यटक उतरले ते टाळ्या वाजवतच. दादानं खिशातली पट्टी काढून व्यवस्थापकाच्या हातात दिली. तो माणूस पहिल्यांदाच चिडलेला दिसला. "काका, हे ठरलं नव्हतं," म्हणाला. "सेफ्टीचा प्रश्न आहे. उद्यापासून येऊ नका."

"येवचय नाय," दादा म्हणाला, आणि वहिनीकडे चालत आला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज हे लिहायला बसलेही नसते. पण त्या पर्यटकांनी ते सगळं मोबाइलवर काढलं होतं आणि जिथं जिथं टाकायचं तिथं टाकलं होतं. आठवडाभरात व्यवस्थापक गोड चेहरा करून आमच्या पडवीत हजर. हातात पेढे. "काका, गेस्ट विचारतायत, ते दस्तकवालं कधी आहे म्हणून. आपण ते डेली करू."

दादानं पेढा घेतला, कारण आलेल्या माणसाचा पेढा परत करत नाहीत. मग म्हणाला, "माका राग इल्लो म्हणान मी ता केलय. रोज संध्याकाळी सव्वासहाक माका राग खयसून येतलो?"

दादा पुन्हा तिथं गेला नाही. पण तो खेळ बंद पडला नाही. आता तिथं दस्तक विकतात. जाड पिवळ्या कागदावर, खाली लाल लाखेचा शिक्का, आपलं नाव घालून मिळतं. तरुण पोरं पाठीमागून येतात, दस्तक मागतात, ज्याच्याकडे नसेल त्याला धरतात. हात बांधत नाहीत, एवढं आम्ही मिळवलं. वल्ही मारत नाहीत, इंजिनावरच ओढतात. आणि डोळ्यांवर पट्ट्या आहेतच, निशाणावर कवटी आहेच, कारण ती म्हणे त्यांच्या टॉवेलांवर आणि कपांवर छापून झाली आहे. म्हणजे आरमाराचा कायदा चाच्यांच्या वेशात! मी व्यवस्थापकाला म्हटलं, अरे, हे तर आधीपेक्षा वाईट केलंत, आता खऱ्याखोट्याची भेसळ झाली. तो म्हणाला, "मॅडम, पण आता तुमची हिस्ट्री पण आली ना त्यात?"

माझी हिस्ट्री!

दादा पुन्हा होडी घेऊन जायला लागला आहे. मासळी थोडीच मिळते. ज्या दिवशी मिळते त्या दिवशी वहिनी बाजारातून गुणगुणत येते. सभेतला तो पोरगा अजून रिसॉर्टमध्येच आहे. त्याला मुलगी झाली, बारशाला आम्ही सगळे गेलो होतो. त्याच्याशी माझं काही वैर नाही.

गेल्या महिन्यात एक जोडपं पत्ता विचारत आमच्या खळ्यात आलं. नागपूरकडचं, मध्यमवयीन. त्यांनी मोबाइलवर दादाला पाहिलं होतं. त्यांना त्या "पायरेट काकां"बरोबर फोटो हवा होता.

वहिनी माशांना मीठ लावत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "हय चाचे रवत नाय. हय तांडेल रवतत. आणि तो दर्यार गेलो आसा."

त्यांना ते नीट कळलं नसावं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग राहवेना म्हणून सांगायला बसले. कागद कोणी सुरू केला, चोर कोणी कोणाला म्हटलं, गुराबा कोण ओढत होतं, सगळं. जीव तोडून सांगितलं. दोघंही ऐकत होते, मध्येमध्ये चांगले प्रश्न विचारत होते. बाईंच्या डोळ्यांत तर पाणी आलं. मला वाटलं, चला, दोन माणसांना तरी कळलं.

उठताना बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "किती छान सांगता तुम्ही! हे रोज किती वाजता असतं?"

वहिनी हातातली मासळी टाकून हसत सुटली. तिला श्वास घेववेना. मला हसू आलं नाही. अजूनही येत नाही.